पुतळे नसलेल्या शहराचा मेळा

वास्तुकार ल कॉर्बुझिएने आपण आखलेल्या चंडीगडसाठी जे आज्ञापत्र लिहून ठेवलं, त्यातलं एक कलम महाराष्ट्रातल्या एखाद्या सभेत वाचून दाखवलं तर सभा उधळली जाईल. शहरात कोणाही व्यक्तीचा पुतळा उभारायचा नाही, असं ते कलम आहे. कोणाची आठवण ठेवायचीच असेल तर योग्य जागी काशाची पाटी लावावी, बस्स. आपल्याकडे चौक म्हटला की पुतळा आला, पुतळा आला की जयंती आली आणि जयंती आली की मांडव, वर्गणी, ढोल, मिरवणूक. मराठी शहरातला उत्सव बहुधा चौकातच जन्म घेतो. चंडीगडमध्येही चौक आहेत, पण ते रहदारी वळवण्यासाठी आखलेले, हिरवळ आणि फुलझाडांनी भरलेले प्रशस्त गोल. तिथे माणसांनी जमावं हा मुळात हेतूच नव्हता.

मुंबईतल्या काळा घोडा महोत्सवाची गोष्ट याच्या अगदी उलट. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा तिथे 1879 मध्ये बसला आणि 1965 मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. घोडा गेला, नाव राहिलं. आजूबाजूला डेव्हिड ससून ग्रंथालय, सिनेगॉग, वस्तुसंग्रहालय, जहांगीर कलादालन अशी जुनी वस्ती होतीच. तिच्या जिवावर 1999 मध्ये तिथे कला महोत्सव सुरू झाला. वस्तीच्या महोत्सवाला एवढं भांडवल पुरतं: काही जुन्या इमारती, एक नाव आणि त्या नावामागची गोष्ट सांगणारी माणसं.

7 ऑक्टोबर 1953 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते चंडीगडचं उद्घाटन झालं, तेव्हा या शहराकडे यातलं काहीच नव्हतं. निदान कागदावर तरी नव्हतं. तरीही आज फेब्रुवारीत गुलाबांचा, हिवाळ्यात शेवंतीचा आणि हस्तकलांचा असे मेळे इथे ठरल्या वेळी भरतात, आणि गावोगावचे कलावंत तिथे हजेरी लावतात. वारसा नसलेल्या शहराने वारशाचे उत्सव कुठून आणले, हा प्रश्न म्हणूनच रंजक आहे. त्याचं उत्तर शोधताना आधी लाहोरला जावं लागतं.

फाळणीत पंजाबची राजधानी पाकिस्तानात राहिली. सिमल्यात कारभार तात्पुरता हलवला गेला, पण डोंगरावरून राज्य किती काळ चालवणार? मार्च 1948 मध्ये शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याची जागा नक्की झाली. मुख्य अभियंता पी. एल. वर्मा आणि प्रशासक पी. एन. थापर यांनी काम हाती घेतलं. पहिला आराखडा अमेरिकेच्या अल्बर्ट मेयर यांनी पोलिश वास्तुकार मॅथ्यू नोविकी यांच्या साथीने केला. ऑगस्ट 1950 मध्ये नोविकी विमान अपघातात गेले आणि मग शोध ल कॉर्बुझिएपर्यंत पोहोचला. फेब्रुवारी 1951 मध्ये तो आला. सोबत त्याचा चुलत भाऊ पिएर जानेरे आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य. शहराचं नाव मात्र जुनं होतं. चंडी मंदिर नावाच्या देवळावरून ते आलं.

जमीन मोकळी होती, असं पुढे अनेकदा लिहिलं गेलं. ती मोकळी नव्हती. आंबराया होत्या, ओढे होते आणि गावं होती. त्यातली वीसहून अधिक गावं पाडली गेली. पुढे शहर वाढलं तेव्हा बुरैल, अटावा, बडहेरी, बुटरेला, पलसोरा अशी गावं सेक्टरांच्या चौकोनांत जशीच्या तशी सापडली. सरळ रेषेतल्या रुंद रस्त्यावरून जाताना एकाएकी एखादी वेडीवाकडी गल्ली लागते, वीजवाहिन्यांचं जाळं डोक्यावर येतं आणि घरं एकमेकांना टेकतात. तिथे सेक्टर थांबतो आणि 'लाल डोऱ्या'तलं गाव सुरू होतं. महसुली नकाशावर गावठाणाची हद्द लाल रेषेने दाखवत, म्हणून हे नाव.

हा मुलूख पुआध म्हणून ओळखला जातो. रोपड, मोहाली, पंचकुला, अंबाला आणि पतियाळाचा काही भाग मिळून तो होतो. पुआधी बोली पंजाबीच्या कुळातली, पण हरियाणवीला शेजारीण मानणारी. या बोलीत गाणाऱ्यांचे अखाडे रंगत. इथे अखाडा म्हणजे गाणाऱ्यांचा फड, कुस्तीचा नव्हे. मोहालीजवळच्या सोहाना गावचे भगत आसा राम बैदवान हे या परंपरेतलं मोठं नाव. त्यांची कवनं पुढची पिढी अखाड्यातून गात राहिली. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी गुग्गा नवमी येते. सर्पदंशापासून राखणारा वीर म्हणून गुग्गा पीराला इथले हिंदू, शीख, मुसलमान सगळेच मानत आले. नागपंचमी ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हा सण ओळखीचा वाटेल. गुग्ग्याच्या स्थानाला माडी म्हणतात, आणि त्याच्या जत्रेला जोडून कुस्त्यांची 'छिंज' भरते.

या सगळ्याच्या वरताण जत्रा मनसा देवीची. मणिमाजऱ्याचे राजे गोपाल दास सिंग यांनी 1811 ते 1815 या काळात मनसा देवीचं मंदिर बांधलं. चैत्र आणि आश्विनातल्या नवरात्रांत तिथे लोक लोटतात. मंदिर आज हरियाणाच्या पंचकुल्यात मोडतं आणि मणिमाजरा चंडीगडमध्ये, कारण 1966 मध्ये राज्यांच्या रेषा पुन्हा आखल्या गेल्या. पण जत्रा रेषा पाहून भरत नाही. कॉर्बुझिए पहिल्यांदा या माळावर उतरला तेव्हा त्या देवळाला सव्वाशेहून अधिक वर्षं झाली होती. आणखी एक गंमत म्हणजे नव्या शहराच्या ऐन मध्यभागी, सेक्टर 17 मध्ये, खोदकामात हडप्पा संस्कृतीचे अवशेष निघाले. ज्याला भूतकाळच नाही असं म्हणायचं, त्या शहराच्या बाजारपेठेखाली हजारो वर्षांपूर्वीची वस्ती होती.

आराखड्यात उत्सवाला जागाच नव्हती, असं मात्र म्हणता येत नाही. कॉर्बुझिएने शहर शरीरासारखं कल्पिलं: शासनाचं कॅपिटॉल म्हणजे डोकं, सेक्टर 17 म्हणजे हृदय आणि ओढ्याकाठाने उत्तर-दक्षिण जाणारी 'लेझर व्हॅली' म्हणजे फुप्फुसं. प्रत्येक सेक्टर 800 मीटर बाय 1200 मीटरचा, त्यात शाळा, दवाखाना, दुकानं आणि मोकळी हिरवळ. नागरिकाने शरीर आणि मन यांची निगा कुठे राखायची, हेसुद्धा ठरलेलं. सुखना चो हा ओढा अडवून 1958 मध्ये तलाव केला गेला तो याच विचाराने. टागोर जन्मशताब्दीच्या वर्षी, 1961 मध्ये, सेक्टर 18 मध्ये टागोर थिएटर उभं राहिलं. त्याचे वास्तुकार आदित्य प्रकाश स्वतः चित्रकार आणि नट होते, हे शहराचं नशीब.

माणसं जमण्याची सगळ्यात भव्य कल्पना मात्र फसली. कॅपिटॉलमध्ये उघड्या पंजाचं शिल्प आणि त्याच्या पायथ्याशी जमिनीत खोल उतरणारं एक सभास्थान कॉर्बुझिएने योजलं होतं. लोकांनी तिथे येऊन सार्वजनिक गोष्टींवर खल करावा, ही इच्छा. तो 1965 मध्ये वारला, शिल्प 1985 मध्ये उभं राहिलं. तोवर पंजाब पेटला होता. 31 ऑगस्ट 1995 रोजी मुख्यमंत्री बेअंत सिंग यांची सचिवालयाच्या दारात स्फोटात हत्या झाली आणि कॅपिटॉलभोवतीचा पहारा आणखी कडक झाला. 2016 मध्ये या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण तिथे मनात आलं म्हणून जाता येत नाही. शहराच्या डोक्याकडचा वारसा असा काटेरी तारेआड राहिला. उत्सव खाली, बागांमध्ये सरकला.

लाहोरहून आलेलं सामान या शहराच्या सांस्कृतिक आयुष्याचा पाया आहे, आणि ते शब्दशः सामान होतं. 10 एप्रिल 1948 रोजी लाहोर संग्रहालयाच्या वाटण्या झाल्या. साठ टक्के वस्तू तिथेच राहिल्या, चाळीस टक्के भारताच्या वाट्याला आल्या. त्यांत गांधार शैलीची 627 शिल्पं होती. अमृतसर, सिमला, पतियाळा असा फिरस्तीचा संसार करत हा ठेवा अखेर सेक्टर 10 मधल्या संग्रहालयात स्थिरावला. ते 6 मे 1968 रोजी खुलं झालं. इमारत कॉर्बुझिएची, आतले बुद्ध पेशावरच्या बाजूचे. शेजारचं शासकीय कला महाविद्यालयही लाहोरचंच. तिथली मेयो स्कूल ऑफ आर्ट्स ही रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांनी नावारूपाला आणलेली संस्था. फाळणीनंतर तिची भारतीय शाखा 1951 मध्ये सिमल्यात सुरू झाली आणि 1962 मध्ये चंडीगडला आली.

मराठी वाचकाला लाहोरची ही आठवण परकी वाटायचं कारण नाही. विष्णू दिगंबर पलुस्करांनी गांधर्व महाविद्यालय काढलं ते 5 मे 1901 रोजी, आणि लाहोरमध्येच. पंजाबच्या त्या राजधानीत कुरुंदवाड-मिरजेकडचा गायक शाळा काढू शकत होता, इतकं ते शहर मोकळं होतं. चंडीगडला लाहोरची जागा घ्यायची होती. इमारती बांधून ते काम निम्मंच होणार होतं.

उरलेलं निम्मं काम बऱ्याच अंशी एका माणसाने अंगावर घेतलं. मोहिंदर सिंग रंधावा (1909-1986) हे सनदी अधिकारी, पण मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. फाळणीच्या वेळी ते दिल्लीचे उपायुक्त होते, नंतर पंजाबात निर्वासितांच्या पुनर्वसनाचं प्रचंड काम त्यांनी केलं. चंडीगडच्या रस्त्यांवर कोणती झाडं लावायची हे ठरवण्यात त्यांचा मोठा हात. कुठे बहावा, कुठे गुलमोहर, कुठे जॅकारंडा अशी रस्त्यागणिक झाडं वाटून दिली गेली. कांगडा चित्रशैलीवर त्यांनी पुस्तकं लिहिली, पहाडी चित्रं संग्रहालयासाठी मिळवली, पंजाब कला परिषद उभी केली. 1966 मध्ये चंडीगड केंद्रशासित झालं तेव्हा ते पहिले मुख्य आयुक्त झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी लेझर व्हॅलीतल्या सेक्टर 16 मध्ये तीस एकरांची गुलाबबाग केली. राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं नाव तिला दिलं. बागेचं नाव म्हणजे पुतळा नव्हे, त्यामुळे आज्ञापत्र अबाधित राहिलं.

या बागेत जो उत्सव सुरू झाला, तो शहराचा पहिला स्वतःचा सण म्हणावा लागेल. 2024 मध्ये बावन्नावा रोज फेस्टिवल झाला. सुरुवात फुलांच्या प्रदर्शनाने झाली आणि गाभा अजून तोच आहे. कापून आणलेल्या फुलांची स्पर्धा लागते, गुलाबांमधून राजा, राणी, राजपुत्र, राजकन्या निवडले जातात. निवृत्त कर्नल, प्राध्यापकीण, बँकेतले माळीकाम-वेडे साहेब आपापल्या परसातली फुलं घेऊन हजर होतात. मग हळूहळू पोलिसांचं बँडपथक आलं, मुलांच्या स्पर्धा आल्या, लोककलावंत आले, हास्यकवी आले आणि एखाद्या वर्षी हेलिकॉप्टरची फेरीही आली. महापालिका स्थापन झाल्यावर यजमानपद तिच्याकडे गेलं. हिवाळ्यात सेक्टर 33 च्या टेरेस्ड गार्डनमध्ये शेवंतीचं प्रदर्शन भरतं, लेझर व्हॅलीत कार्निव्हल होतो. सगळ्यांचा साचा एकच: जागा बागेची, मांडव सरकारी, माणसं मात्र मनापासून आलेली. ज्याला जुनं मंदिर नाही, वेस नाही, त्या शहराने फुलांच्या बहराला आपली तिथी केलं, ही युक्ती दाद देण्यासारखी आहे. गुलाब कोणत्याही एका प्रांताचा नाही, धर्माचा तर नाहीच. 1970 आणि 80 च्या दशकांत पंजाबात ज्या गोष्टींवरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठली, त्या पाहता एवढी निरुपद्रवी तिथी निवडणं हा शहाणपणा होता.

पण निरुपद्रवी गोष्टींना एक मर्यादा असते. गुलाबबाग सांगते ते शहराच्या स्वप्नाबद्दल. ज्यांच्या जमिनीवर ते स्वप्न उभं राहिलं त्यांच्याबद्दल तिच्यात काही नाही. ते सांगायचं काम एका रस्ते-निरीक्षकाने केलं.

नेकचंद सैनी यांचा जन्म 1924 चा, गाव शकरगढ तालुक्यातलं, जे फाळणीत पलीकडे गेलं. निर्वासित होऊन आलेल्या नेकचंदांना नव्या राजधानीच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी लागली. काम संपलं की ते सायकलवरून पाडलेल्या गावांचा मलबा गोळा करत: फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे, न्हाणीघरांतलं मोडकं सामान, विजेचे सॉकेट, गोणपाट, ओढ्यातले चित्रविचित्र दगड. 1957 च्या सुमारास त्यांनी सुखनाजवळच्या राखीव जंगलात यातून आकृत्या रचायला सुरुवात केली. राजधानीच्या परिघात बांधकामाला मनाई करणारा कायदा 1952 मध्येच झाला होता, म्हणजे त्यांनी रचलेलं प्रत्येक बाहुलं बेकायदा होतं. बरीच वर्षं ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक होती. 1970 च्या दशकात ती उघडकीस आली, तेव्हा अधिकाऱ्यांपुढे पेच पडला: सगळं पाडावं की बक्षीस द्यावं? दुसरा मार्ग निवडला गेला. जानेवारी 1976 मध्ये रॉक गार्डन लोकांसाठी उघडलं, नेकचंदांना पगार आणि मदतीला मजूर मिळाले, 1984 मध्ये पद्मश्री आली.

पुतळे निषिद्ध असलेल्या शहरात माणसांनी सगळ्यात जास्त गर्दी केली ती पुतळ्यांच्याच बागेत. फक्त हे पुतळे कोणा थोर पुरुषाचे नव्हते. डोक्यावर घडा घेतलेल्या बायका, फौजेसारखे ओळीने उभे असलेले गडी, नाचणारे, माकडं, मोर. फुटक्या बांगड्यांचा घागरा घातलेली ती बाई कुठल्या गावची, ते विचारायला आता गाव उरलेलं नाही, पण तिच्या अंगावरचा माल तिथलाच. पुढच्या टप्प्यात नेकचंदांनी मोठमोठ्या कमानींत झोके टांगले आणि खुलं रंगमंदिर रचलं. पंजाबी गावात श्रावणात बायका तीजेला झोका घेतात, ते त्यांच्या डोळ्यांपुढे असणार. स्थानिक वारसा मांडणं म्हणजे काय, याचं चंडीगडमधलं सगळ्यात सच्चं उत्तर कोणत्याही समितीने दिलेलं नाही. नेकचंद 2015 मध्ये गेले. दहा वर्षांनी, 2025 च्या सुरुवातीला, उच्च न्यायालयाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आणि वाहनतळाच्या सोयीसाठी रॉक गार्डनच्या भिंतीचा एक भाग पाडण्यात आला. नागरिकांनी जाऊन निषेध केला, झाडांना आणि भिंतीला निरोप दिला. मलब्यातून उभ्या राहिलेल्या बागेचा पुन्हा मलबा झाला, यावर भाष्य करायची गरज नाही.

लोकांनी आपल्या हिमतीवर भरवलेले उत्सव हा वेगळाच पदर. शहर आखलं गेलं ते पहिल्या टप्प्यात दीड लाख आणि अखेरीस पाच लाख माणसांसाठी. 2011 च्या जनगणनेत ती 10,55,450 भरली. ही सगळी माणसं कुठून तरी आलेली. पश्चिम पंजाबातून उखडलेल्यांनी येताना रामलीला आणल्या. फाळणीपूर्व पंजाबच्या रामलीलेत उर्दू शेर सर्रास म्हटले जात. रावणाच्या तोंडी तर उर्दूच शोभते, असं जुने रसिक ठासून सांगत. गढवाली आले, त्यांनी सभा काढली, पुढे सेक्टर 29 मध्ये भवन बांधलं आणि आपल्या पहाडी चालींत रामलीला उभी केली. बंगाल्यांची दुर्गापूजा सेक्टर 35 च्या बंग भवनात आणि सेक्टर 47 च्या कालीबाडीत होते. केरळीयांचा ओणम, तमिळांचा पोंगल आणि महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव हे तर ठरलेलेच. हवाई दल, पीजीआय रुग्णालय, बँका, विद्यापीठ, वैज्ञानिक उपकरणांची संस्था अशा ठिकाणी बदलीवर आलेली मराठी घरं वर्षातून एकदा तिथे एकत्र येतात. मोदकाला उकड कुठल्या तांदळाची घ्यावी, यावर पंजाबच्या बासमतीच्या राज्यात वाद घालण्याचं सुख काही औरच.

गेल्या काही दशकांत बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातल्या श्रमिकांनी छठ आणली. तिला पाणी लागतं. सेक्टर 42 चा नवा तलाव तिला मिळाला, आणि कार्तिकात त्याचे काठ उगवत्या-मावळत्या सूर्याला अर्घ्य देणाऱ्यांनी भरून जातात. दसऱ्याला सेक्टर 17 च्या परेड ग्राउंडवर रावण जळतो, आणि 2019 मध्ये तर धनास या गावाच्या माळावर 221 फुटांचा रावण उभा केला गेला. आराखड्यात यातल्या कशाचीही तरतूद नव्हती. होती ती मोकळी मैदानं. ती वापरात आणण्याची अक्कल लोकांची.

या सगळ्या प्रवाहांना एका छत्राखाली आणायचा सरकारी प्रयत्न म्हणजे कलाग्राम. 1985 नंतर देशात प्रादेशिक सांस्कृतिक केंद्रं निघाली. उत्तर विभागाचं केंद्र पतियाळ्यात, जसं आपलं दक्षिण-मध्य केंद्र नागपुरात. या उत्तर केंद्राचं कलाग्राम चंडीगडच्या सीमेवर, मणिमाजऱ्याजवळ आहे. हिवाळ्याच्या तोंडावर तिथे प्रशासनाच्या मदतीने राष्ट्रीय हस्तकला मेळा भरतो. नागपूरकरांनी सिव्हिल लाइन्समधला ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा पाहिला असेल तर त्यांना अंदाज येईल: एका बाजूला फुलकारी, काश्मिरी शाल, सहारनपूरचं लाकूडकाम, खुर्जाची भांडी; दुसरीकडे राज्याराज्यांचे ठेले; आणि मैदानभर फिरणारे बहुरूपी, बीनवाले जोगी, हरियाणाचे नगारेवाले, राजस्थानची कच्ची घोडी. रात्री मंचावर भांगडा, गिद्धा, जिंदुआ आणि देशभरातले नाच. मराठी लावणीलाही इथे टाळ्या पडतात.

मेळा चांगला आहे, आणि कलावंतांच्या हाती त्यातून पैसा पडतो, ही लहान गोष्ट नाही. तरी एक खोट डोळ्यांत भरते. मणिपूरची ढोलकी इथे वाजते, कच्छचं भरतकाम इथे विकलं जातं, पण शेजारच्या गावचा पुआधी अखाडा या गजबजाटात सापडायला कठीण. विविधतेचा अर्थ सरकारी मेळ्यांत अनेकदा 'लांबून आलेलं' असा होतो. जे पायाखाली आहे त्याला तिकीट नसतं, पोशाख रंगीत नसतो, आणि निवेदकाला त्याच्याबद्दल दोन वाक्यं लिहून दिलेली नसतात.

हे वेगळ्या रीतीने करता येतं, याचा पुरावा याच शहरात आहे. पंजाब विद्यापीठात 1972 मध्ये बलवंत गार्गींनी नाट्यविभाग सुरू केला. अनुपम खेर आणि किरण खेर यांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात, पण त्या विभागाशी जोडल्या गेलेल्या नीलम मानसिंग चौधरी यांचं काम शहराच्या दृष्टीने जास्त मोलाचं. 1984 मध्ये त्यांनी 'द कंपनी' ही नाट्यसंस्था काढली आणि शहरी नटांच्या बरोबरीने पंजाबच्या खेड्यांतले नक्काल उभे केले. नक्काल म्हणजे लग्नकार्यात, जत्रेत नकला करणारे, गाणारे, बायकांच्या भूमिका वठवणारे पुरुष कलावंत. तमाशातला नाच्या आणि सोंगाड्या ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्यांची जातकुळी लगेच कळेल. लोर्काचं नाटक असो की गिरीश कर्नाडांचं 'नागमंडल', पंजाबी बोलीत आणि नक्कालांच्या अंगवळणी पडलेल्या ढंगात ते नव्याने घडवलं गेलं. संगीताला ब. व. कारंतांसारखा माणूस होता. तिथे नक्काल हा मैदानातून फिरणारा देखावा नव्हता. नाटकाचा अर्धा भार त्याच्या खांद्यावर होता. त्याला वर्षातून दहा दिवस बोलावून परत पाठवणं आणि त्याच्याबरोबर वर्षभर तालमी करणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

प्रशासनाच्या बाजूनेही काही बदललं आहे. मणिमाजऱ्याला सेक्टर 13 हा क्रमांक मिळाला. कॉर्बुझिएच्या नकाशात तेरावा सेक्टरच नव्हता, ती रिकामी जागा जुन्या किल्ल्याच्या गावाने भरून काढली. 2018-19 मध्ये उरलेली 13 गावंही महापालिकेत आली. म्हणजे कराच्या नोंदवहीत गाव आणि शहर आता एक झालं आहे. उत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत अजून नाही.

चंडीगडच्या उत्सवांचा एवढा इतिहास पाहिल्यावर एक निवाडा द्यायलाच हवा. हे शहर परक्याला सामावून घ्यायची कला फार लवकर शिकलं. लाहोरच्या बुद्धापासून पाटण्याच्या छठीपर्यंत सगळ्यांना त्याने जागा दिली, आणि तीही मोठ्या मनाने. ज्याच्या शेतावर हे सगळं वसलं, त्या पुआधी गावकऱ्याला मात्र त्याने आपल्याच अंगणात पाहुण्याहून परका ठेवला. गुलाबबागेला लागूनच पंजाब कला भवन आहे, मोकळी हिरवळ आहे, फेब्रुवारीतली उबदार दुपार आहे. तिथे एक दिवस सोहान्याच्या अखाड्याला, बुरैलच्या पैलवानांना आणि गुग्ग्याच्या गाणाऱ्यांना द्यायला फार मोठा खर्च येणार नाही.

महाराष्ट्रातून तिकडे जाणाऱ्यांची गाडी सहसा रॉक गार्डन, सुखना, गुलाबबाग अशी तीन ठिकाणं घेऊन सिमल्याच्या वाटेला लागते. त्यांनी अर्धा दिवस जास्त ठेवावा. सेक्टर 10 मधल्या संग्रहालयात लाहोरचा वाटा पाहावा, मग रिक्षावाल्याला सेक्टर 45 मधल्या बुरैलला न्यायला सांगावं आणि तिथल्या गल्ल्यांतून पायी फिरावं. आणि प्रवास श्रावणातला असेल, तर गोकुळाष्टमीनंतरचा दिवस मोकळा ठेवावा.